कष्ट जावेत, चालणे राहावे

प्रस्तावना

राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत मी आशाताईंबरोबर घरोघर फिरत होतो. उपकेंद्रातल्या सिस्टर सोबत होत्या. ताईंच्या पिशवीत छापील कागद आणि शिंप्याकडे असते तशी एक मोजायची फीत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे : तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला साखर-बीपी आहे का, आठवड्यात निदान १५० मिनिटे अंगाची हालचाल होते का. मग कमरेला फीत लावायची. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाची ९०पर्यंत असेल तर गुण शून्य. त्यापुढे गुण चढत जातात, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची.

ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत घरधनी बसले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने शेलाटे. म्हणाले, "मला कशाला मोजताय ताई? आम्ही गडाखालची माणसं. शुगर व्हायची ती पुण्याच्या लोकांना." फीत ९४वर थांबली. हातपाय काटकुळे, पोट तेवढे शर्टाच्या गुंड्या ताणणारे. सिस्टरनी बोटातून थेंब घेतला. साखर वाढलेली निघाली. अंगणात त्यांची आई वालाच्या शेंगा सोलत उकिडवी बसली होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आम्ही हाक मारली तशी जमिनीला हात न टेकता उठली आणि आमच्यापुढे येऊन उभी राहिली. मुलगा मात्र खुर्चीचे दोन्ही हात धरून उठला.

त्या दोघांच्या उठण्यात जो फरक होता, त्याच्याबद्दल हे पुस्तक आहे.

मुलाचा दिवस मी त्याच्याकडूनच समजून घेतला. सकाळी सहाला मोटारसायकलवर बसायचे. महामार्गाकडेच्या एका गोदामावर बारा तासांचा पहारा, म्हणजे फाटकाजवळची खुर्ची. संध्याकाळी पुन्हा मोटारसायकल. घरी आल्यावर जेवण आणि जेवणानंतर मोबाइल. उठण्यापासून निजेपर्यंतच्या सोळा तासांतले तेरा तरी बसण्यात जात होते. हा माणूस आळशी नाही. दिवसभर राबतो, घर चालवतो, थकून घरी येतो. फक्त त्याचे राबणे आता बसून होते. "दमतो की रोज, मग व्यायाम वेगळा कशाला?" असे तो विचारतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण थकवा आला म्हणजे हालचाल झाली, असे नव्हे. या पुस्तकातली पहिली गोष्ट हीच.

बैठेपणा म्हणजे काय, हे आधी नीट ठरवून घेऊ. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून काढलेला असा वेळ, ज्यात शरीर विश्रांतीपेक्षा फारशी जास्त शक्ती खर्च करत नाही, त्याला शास्त्रज्ञ बैठेपणा म्हणतात. व्यायाम न करणे ही वेगळी गोष्ट आहे. सकाळी तासभर फिरणारा कारकून उरलेला दिवस खुर्चीत काढत असेल, तर तो व्यायाम करणाराही आहे आणि बैठाही आहे. उलट, आयुष्यात कधी व्यायाम न केलेली शेतकरीण दिवसभर चालतीफिरती असू शकते. दोहोंचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

आता ज्या भूमीबद्दल बोलतो आहोत तिच्याकडे पाहू. भोर आणि वेल्हे हे चढ-उताराचे तालुके. वेल्ह्याला आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, कानद खोरे ही नावे इतिहासाच्या पुस्तकातून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तोरणा १,४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याच्या शेजारी राजगड, दक्षिणेला रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड. या मुलखात सपाटीवर चालणे हाच अपवाद होता. शेताला जायचे तर उतरायचे, सरपणाला जायचे तर चढायचे, बाजाराला जायचे तर खिंड ओलांडायची. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी खांद्यावरून खाली रस्त्यापर्यंत आणायचे. मावळ्यांच्या पायांचे कौतुक आपण फार करतो. ते पाय जन्मजात नव्हते, रोजच्या रस्त्याने घडवलेले होते.

कामेही तशीच. उन्हाळ्यात राब भाजणे, पाऊस लागला की चिखलणी, डोक्यावर इरले घेऊन कमरेत वाकून भाताची लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी. बायकांच्या वाट्याला याशिवाय पहाटेचे जाते, उखळात भात सडणे, विहिरीवरून हंडे, रानातून मोळी.

मला हे चित्र रंगवून गौरवायचे नाही. माझे आजोळ कानद खोऱ्यातले. आजीची मान हंड्यांनी आखडली होती आणि गुडघे साठीच्या आतच गेले होते. कष्टाची किंमत किती असते, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातूनच आला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या बायका गरोदरपणात जास्त कष्टाची कामे करत होत्या, त्यांची बाळे लहान जन्मत होती, असे त्या अभ्यासात दिसले. म्हणून घरात नळ आला, गॅस आला, गिरणी आली, वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला, याचा आनंद मला कुणाहून कमी नाही. जे आजारी झोळीतून आणले जात होते ते गाडीने येऊ लागले आणि कित्येक जीव वाचले.

पण ओझ्याबरोबर चालणेही गेले. डोक्यावरचा हंडा जायला हवा होता, विहिरीपर्यंतची फेरी जायला नको होती. दोन्ही एकदमच गेले आणि त्या रिकाम्या जागी खुर्ची येऊन बसली.

यात माणसांची चूक कमी आणि परिस्थितीचा रेटा जास्त आहे. १९२८मध्ये वेळवंडीवर भाटघरचे धरण पुरे झाले. पुढच्या काळात पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे झाली. नदीकाठची सपाट, कसदार खाचरे पाण्याखाली गेली. उरलेल्या तुकड्यांवर कुटुंब भागेना. आधीच्या पिढ्या मुंबईला गिरणीत, गोदीत, हमालीला गेल्या. आजची पिढी रोज पुण्याकडे जाते-येते. मिळते ते काम बहुधा बसून करायचे असते : पहारा, गाडी चालवणे, जुळणीचा पट्टा, संगणकावरची नोंद, दुकानाचा गल्ला. पोरे शाळेला गाडीतून जातात. स्वस्त मोबाइल आल्यापासून संध्याकाळचे मैदानही ओस पडू लागले आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या मोठ्या पाहणीचे शारीरिक हालचालींबद्दलचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांपैकी ५४.४ टक्के जण पुरेशी हालचाल करत नव्हते. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते. धक्का बसतो तो खेड्यांच्या आकड्याने : ५० टक्के. म्हणजे खेड्यातला माणूस अंगमेहनतीचा, ही समजूत तेव्हाच निम्म्याने खोटी ठरली होती. खेळ किंवा व्यायाम म्हणून हालचाल न करणारे महाराष्ट्रात दहांपैकी नऊ होते. २०२४च्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे हालत नाहीत, बायकांत ५७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के. वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीतून २०२३मध्ये पुढे आलेला दुसरा आकडा यालाच लागून वाचावा : देशात सुमारे १० कोटी मधुमेही, आणि त्यांच्या मागे उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून अधिक.

बसून राहण्याने रोग जडतो, हे ज्ञान नवे नाही. चरकसंहितेत प्रमेहाची जी कारणे मोजली आहेत, त्यांत पहिले नाव 'आस्यासुख', म्हणजे बसून राहण्याचे सुख. सुश्रुताने निर्धन प्रमेही माणसाला शंभर योजने पायी चालायला सांगितले आहे. आधुनिक काळात याचा पहिला ठोस पुरावा लंडनच्या बसमध्ये सापडला. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघेही एकाच बसवर, एकाच थरातून आलेले. चालक दिवसभर बसलेला, वाहक तिकिटे फाडत दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली मॉरिस यांनी दाखवून दिले की हृदयविकार वाहकांना कमी होतो आणि झालाच तर सौम्य असतो. तीन वर्षांनी त्यांनी या कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारी कमरेला मोठ्या होत्या. आशाताईंची फीत आज जे सांगते, ते लंडनच्या शिंप्याच्या वहीत सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेले होते.

शरीरात घडते ते थोडक्यात सांगतो, पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर येईल. जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या. स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही तो साखर आत ओढतो. आपण बसलो की हे गिऱ्हाईक दुकान बंद करते. साखर रक्तात रेंगाळते, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, वर्षानुवर्षे तेच चालले की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. रक्तातली चरबी वेचून घेणारे विकरही बसलेल्या स्नायूंत मंदावते. पायांतला रक्तप्रवाह सुस्तावतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर ताठर होते. हाडांवर भार पडत नाही म्हणून ती विरळ होतात. कंबर, मान, पाठ यांचे दुखणे तर सगळ्यांच्या ओळखीचे. दीर्घकाळाच्या हिशेबात मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, खिन्नता, आणि म्हातारपणी स्नायू झिजून पडणे, या सगळ्यांशी बैठेपणाचे नाते दिसून आले आहे.

हालचाल थांबली की शरीर किती झपाट्याने उतरते, हे अमेरिकेतील डॅलस इथल्या एका प्रयोगाने दाखवले. १९६६ साली विशीच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची दमसासाची ताकद जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती.

ही गोष्ट जगभर सारखी असली, तरी आपल्याला तिचा फटका जास्त बसतो. याज्ञिकांच्या अभ्यासातील खेड्यांत बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी होती, स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारे पण आतून चरबीचे शरीर आपण जन्मापासूनच घेऊन येतो. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पिढ्यान्पिढ्या अर्धपोटी राबलेल्या माणसांच्या पोटी जन्मलेल्या शरीराला हालचाल होती तोवर ही चरबी ताब्यात होती. आता हालचाल गेली आणि ताटात साखर, मैदा, तेल आले. ओट्यावरच्या त्या घरधन्याचे काटकुळे हात आणि ९४ सेंटिमीटरची कंबर एकाच शरीरात कशी, त्याचे उत्तर इथे आहे. म्हणून "मी बारीक आहे, मला काय होतंय" हे वाक्य आपल्या भागात धोक्याचे आहे. वजनकाटा गप्प राहील, फीत बोलेल.

मग पूर्वीची माणसे बसतच नव्हती का? बसत होती, पारावर, ओट्यावर, चुलीपुढे. टांझानियातले हाडझा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेही दिवसाचे जवळपास दहा तास बसून-पडून काढतात, असे आढळले. पण त्यांना आपले हे रोग सहसा होत नाहीत. त्याचे एक कारण अभ्यासकांनी असे सुचवले, की ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि त्या बैठकीत पायांचे स्नायू जागे राहतात. खुर्चीत ते झोपतात. आपल्या आज्या उकिडव्या बसून भाकरी थापत, मांडी घालून निवडत-टिपत, आणि दर पाच-दहा मिनिटांनी कशासाठी तरी उठत. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून आधाराशिवाय उठायला सांगण्याचा अभ्यास झाला. ज्यांना ते जमले नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त झाले. शेंगा सोलणाऱ्या त्या आईने नकळत ही परीक्षा आमच्या डोळ्यांदेखत पार केली होती.

उपाय सांगताना दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. रोज साधारण ६० ते ७५ मिनिटे झपाझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत, दिवसाला आठ तासांहून जास्त बसूनही अकाली मृत्यूचा वाढीव धोका जवळपास उरला नाही. म्हणजे नोकरी बसून करावी लागते म्हणून हताश व्हायचे कारण नाही. दुसरी गोष्ट मेलबर्नच्या संशोधकांची. २०१२मध्ये त्यांनी दाखवले की सलग बसण्याऐवजी दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे सावकाश चालले, तरी गोड पेयानंतरची साखरेची आणि इन्सुलिनची वाढ जवळपास चौथाईने कमी होते. दोन मिनिटे, सावकाश. यासाठी ना जिम लागते, ना बूट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आणि तिच्या जोडीला बसणे कमी करा, असेही सांगितले.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी शरीर, मग एकेक रोग, मग एकेक माणूस : पहारेकरी, चालक, शिवणकाम करणारी, शाळकरी मूल, नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेला म्हातारा. प्रत्येकाच्या दिवसात हालचाल कुठे बसवता येईल, ते तिथे लिहिले आहे. बायकांसाठी वेगळे प्रकरण आहे, कारण "दिवसभर उभीच असते की" असे म्हणणाऱ्या बाईच्या वाट्याला स्वयंपाकाच्या ओट्याजवळचे ताटकळणे येते, मोकळे चालणे येत नाही. गावात बाईने एकटीने फिरायला निघणे लोकांना चमत्कारिक वाटते. ते वाटणे बदलणे हेही आरोग्याचेच काम आहे. दहाजणी मिळून निघाल्या तर कुणी बोलत नाही.

शेवटचे प्रकरण ग्रामपंचायतींसाठी आहे. सगळा भार एकट्या माणसाच्या निश्चयावर टाकणे अन्यायाचे होईल. वाडी ते शाळा पायवाट नीट ठेवली, रस्त्याकडेला चालायला हातभर जागा सोडली, मैदानावर बांधकाम होऊ दिले नाही, संध्याकाळी दिवा लावला, तर माणसे आपोआप चालतील. पहारेकऱ्याला तासाभराने फाटकापासून कुंपणापर्यंत फेरी मारू द्यायला कुठल्याही मालकाचे काही जात नाही. उलट पहारा चांगला होतो.

त्या घरधन्यांना मी चार महिन्यांनी पुन्हा भेटलो. गोळी चालू होती. रात्री जेवण झाले की ते आईबरोबर देवळापर्यंत जाऊन येत होते. त्यांची साखर किती उतरली हे इथे लिहीत नाही, कारण एका माणसाच्या आकड्याने काही सिद्ध होत नसते. एवढे मात्र लिहितो : मी गेलो तेव्हा ते ओट्यावर नव्हते, खाचराच्या बांधावर उभे होते, आणि हाक मारल्यावर चढ चढून वर आले.

वाचकाला एकच विनंती. हे पान संपले की पुस्तक मिटा, उठा, अंगणात दोन चकरा मारा, आणि मग पहिले प्रकरण उघडा. पुस्तक कुठे जात नाही.